सात नंबरची पेटी

आर्विड सँडेलला जेवायला बोलवायचं असेल तर घरातलं जुनं सामान आधी गॅरेजमध्ये लपवून ठेवावं, असं आमच्या आल्डर फोर्क गावात म्हणत. कारण हा माणूस सूप येईपर्यंतही दम धरायचा नाही. टेबलाखाली वाकायचा, खिशातली बॅटरी पेटवायचा, खण उपसून उलटा करायचा, नखाने लाकूड खरवडून वास घ्यायचा आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्याच निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा वाईटच. "वरचा भाग एका कपाटाचा, खालचा दुसऱ्याचा. कुणीतरी दोघांचं लग्न लावून दिलंय." मग हात धुऊन जेवायला बसायचा आणि बटाटे मागायचा. यजमानीणबाईंच्या घशाखाली घास उतरत नाहीये, हे त्याच्या गावीही नसे.

वाचनालयातल्या वेल्मा हॅचच्या आजीचं कपाट असंच गेलं. आजीने ते बैलगाडीतून डोंगर ओलांडून आणलं, ही त्या घरातली तीन पिढ्यांची गोष्ट. आर्विडने मागची फळी पाहिली आणि म्हणाला, "हे खिळे यंत्राचे आहेत. तुझी आजी डोंगर ओलांडत होती तेव्हा हे खिळे जन्मालाच यायचे होते." वेल्माने कपाट पडवीत काढलं. त्यात ती बागेची खुरपी ठेवू लागली. दोन हिवाळ्यांत त्याचे खण फुगले आणि उघडेनासे झाले.

आर्विडला यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही. खोट्याची पूजा करण्यापेक्षा रिकामा कोपरा बरा, हे त्याचं ठरलेलं वाक्य. लाकूड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे दुसरं. घरामागच्या शेडमध्ये तो चाळीस वर्षं मोडक्या खुर्च्या, कपाटं, पाळणे दुरुस्त करत आला होता. सरसाचं भांडं सदा चुलीवर आणि हाताला सदा लाखेच्या पॉलिशचा वास. लग्न केलं नाही. जुना रंग खरवडून वस्तू चकचकीत करणाऱ्यांना तो खाटीक म्हणायचा. गिऱ्हाईक पाळणा घेऊन आलं आणि वरच्या पट्टीवर बाळाच्या दातांचे वण असले, तर ते बुजवू नका म्हणून दम भरायचा. "ती सही आहे बाळाची. त्याची आठवण दुसरी कुठे मिळणार तुम्हाला?"

ही माया सगळी दुसऱ्यांच्या घरच्या वस्तूंसाठी होती. खुर्चीचा झिजलेला हात दिसला की तो त्यावर आपलं मनगट ठेवून बघायचा. इथं कुणाच्या तरी बापाने तीस वर्षं कोपर टेकलंय, असं मनात यायचं आणि मनगट तो तिथून लवकर उचलायचा नाही. कारण त्याच्या स्वतःच्या बापाने हात लावलेली एकही वस्तू त्याच्याजवळ नव्हती. एक चमचासुद्धा नाही.

बाप एमिल सँडेल, डोंगरावरच्या लाकूडतोडीच्या छावणीत ओंडके ओढणाऱ्या रेल्वे इंजिनाचा ड्रायव्हर. छत्तीस सालच्या वसंतात ओंडके भरताना तो साखळी बघायला खाली उतरला आणि वरचा ओंडका सुटला. आर्विड चार वर्षांचा. कंपनीचं घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं. आईने पलंग, टेबल, ताटं रस्त्याच्या कडेला मांडून येईल त्या भावाने दिली, जे गेलं नाही ते तिथंच सोडलं आणि गावात येऊन लोकांचे कपडे धुऊ लागली. तेरा वर्षांची बहीण सिग्ने टकोमा शहरात एका घरी कामाला गेली. नवऱ्याचं नाव आईने पुढे तोंडातून काढलं नाही. आर्विडला आठवत होती ती एक दुमडलेली बाही आणि तेलाचा वास. जिल्ह्याच्या संग्रहालयात एक फोटो होता, इंजिनाशेजारी टोपी घातलेला माणूस, तोंडावर सावली, बाजूला पितळी पाटीवर सात हा आकडा. त्याची नक्कल आर्विडने शेडमध्ये लावली होती.

आणि ते सात नंबरचं इंजिन गावातच होतं. छावणी बंद पडल्यावर कंपनीने ते गावाला दिलं आणि गावाने बागेत उभं केलं. तीसेक वर्षं पोरं त्यावर चढली, कबुतरांनी घरटी केली, धुराड्यातून झाड उगवलं. तीन उभे सिलिंडर सगळे एका बाजूला, बाईने पोर कडेवर घ्यावं तसे, आणि त्या भाराने इंजिन जरासं कललेलं. आर्विड बागेत जायचा, कुणी नाही असं बघून त्याच्या दांड्यावर हात ठेवायचा आणि परत यायचा.

म्हणून ते पुन्हा चालू करायचं असं काही म्हाताऱ्यांनी ठरवलं तेव्हा आर्विड पहिल्या दिवशी हजर झाला. लाकडी गिरणीतून निवृत्त झालेला डेल्बर्ट क्राउस लोखंडाचं बघणार, आर्विड लाकडाचं. वेल्मा मंडळाची चिटणीस. इंजिन अग्निशमनाच्या जुन्या शेडमध्ये ओढून आणलं आणि दर शनिवारी तिथं काम चाले. अशी नऊ वर्षं गेली. पावसाळी शनिवारी सर्दी अंगावर काढूनही आर्विड यायचा, कारण त्याला फक्त एकच गोष्ट हवी होती. पप्पांनी जिथं हात ठेवला तिथं आपला हात ठेवायचा होता, आणि ते लाकूड, ते लोखंड खरंखुरं तेच असायला हवं होतं.

दुसऱ्याच वर्षी पेटीचा प्रश्न निघाला. ड्रायव्हरच्या खोलीत उजव्या बाजूला बसायची पेटी होती. वर झाकण, आत डबा-हत्यारं ठेवायची जागा. पांढरा रंग उडालेला, कोपरे ओबडधोबड.

"ही बाद," आर्विड म्हणाला.

डेल्बर्ट नेमका तिच्यावरच बसून सँडविच खात होता. "राहू दे रे. बूड टेकलं की कळतं, कुणीतरी मापाने बनवलीय."

"कुणाच्या मापाने? कारखान्याच्या नकाशात ओकची पेटी आहे, सरळ फळ्यांची. ही मेपलची. घरगुती सामान तोडून केलीय कुणी हौशी माणसाने. सांधे बघ, पोराने कापल्यासारखे. पुढची कड बघ, कुठल्या तरी पलंगाची पट्टी लावलीय. आणि ही उंदरांनी कुरतडलीय."

"माझा काका ड्रायव्हर होता. ते लोक आपलं आपलं सामान बरोबर घेऊन फिरायचे. उशी म्हणू नको, शिट्टी म्हणू नको."

"उशी वेगळी, पेटी वेगळी. छावणी बंद पडल्यावर कुणीतरी लावलेलं थिगळ आहे हे. ऊठ."

"सँडविच तरी संपवू दे. माझ्या बुडाला नकाशे वाचता येत नाहीत."

डेल्बर्ट उठला. आर्विडने पेटी काढून शेडमागे भंगार लाकडाच्या ढिगावर ठेवली आणि वर ताडपत्री ओढली. नकाशाबरहुकूम ओकची नवी पेटी करायला त्याला सात आठवडे लागले. तिच्यात केसभर फरक नव्हता. गावातले लोक मुद्दाम बघायला आले.

याच दिवसांत त्याने बहिणीलाही तोडलं. सिग्ने टकोमात एकटी राहायची, नवरा वारलेला. आईच्या सामानातली एकच वस्तू तिला मिळालेली, भिंतीवरचं घड्याळ. आईने ते माहेरून, स्वीडनहून आणलं असं ती मुलाला, नातवंडांना सांगत आलेली. सणाच्या जेवणाला आर्विड गेला, टर्की कापायच्या आधी त्याने घड्याळ भिंतीवरून काढलं, मागचं झाकण उघडलं.

"सिग्ने, हे स्वीडनचं नाही. इथल्याच दुकानातलं आहे. दुकानाचा शिक्का आहे बघ."

"आई म्हणायची."

"आई म्हणत असेल. घड्याळ नाही म्हणत."

सिग्नेने टर्की कापायला घेतली. पुढे भाच्याकडून कळलं की तिने ते घड्याळ भिंतीवरून काढून पलंगाखाली सरकवलंय. त्यानंतर तिचा फोन आला नाही. आर्विडनेही केला नाही. आपण खरं तेच बोललो, मग आपण का वाकायचं, असा त्याचा हिशेब. वडिलांना ओळखणारं एकच माणूस जगात उरलं होतं आणि इंजिनाविषयी त्या माणसाला चार प्रश्न विचारावेत हे याला सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आठव्या वर्षी डेल्बर्ट तारेचा ब्रश घेऊन चाकं फिरवणाऱ्या मोठ्या दांड्यावरची काजळी काढत होता. साठ वर्षांच्या काळ्या थराखाली कोरलेला आकडा निघाला. कारखान्यात प्रत्येक इंजिनाच्या भागांवर त्या इंजिनाचा क्रमांक ठोकत. त्याने चाकं बघितली, चौकट बघितली, बॉयलर बघितला. सगळीकडे तोच आकडा. सात नंबरच्या कागदांवरचा आकडा वेगळा होता. ओहायोत एका हौशी म्हाताऱ्याकडे असल्या याद्या होत्या, त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, हे कंपनीचं तीन नंबरचं इंजिन. यात सातची फक्त पितळी पाटी.

आर्विड पत्र वाचून उलट्या बादलीवर बसला.

"हे बघ," डेल्बर्ट म्हणाला, "पाटी सातची आहे, गाव सात म्हणतं. संपलं. पत्र मी चुलीत घालतो."

"नको."

"कुणाचं काय जातंय?"

"चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात जाऊन काय सांगत आलो? आता माझ्या घरचं आलं तर पत्र चुलीत?"

"मग पड तोंडावर," डेल्बर्ट म्हणाला आणि पत्र त्याच्या हातात दिलं.

चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक होती. कॉफी झाली, सफरचंदाचा केक वाटला गेला, आणि आर्विडने उभं राहून पत्र वाचलं. बसला तेव्हा त्याचे कान लाल झालेले. वेल्मा हॅचने टिपणाच्या वहीतून मान वर केली. तिने या घटकेची वाट किती वर्षं पाहिली असेल देव जाणे.

"म्हणजे पाटी एकाची आणि धड दुसऱ्याचं," ती म्हणाली. "याला तुझ्या भाषेत काय म्हणतात रे आर्विड? लग्न ना?"

लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

"हो," आर्विड म्हणाला.

"केक घे ना मग. उतरतोय ना घशाखाली?"

आर्विडने केक घेतला आणि सगळा खाल्ला. तो काय खातोय ते त्याला कळत नव्हतं. बैठकीने नऊ विरुद्ध एक असं ठरवलं की इंजिन सातच राहील. विरुद्धचा एक तो. घरी गेल्यावर त्याने शेडमधला फोटो उतरवून खणात पालथा ठेवला. आठ वर्षं आपण एका परक्या इंजिनाची सेवा केली, असं वाटून त्याला इतका राग आला की दोन शनिवार तो फिरकलाच नाही. तिसऱ्या शनिवारी डेल्बर्ट त्याला गाडीत घालून घेऊन आला.

त्याची समजूत काढायला म्हणून की काय, पहिल्या विस्तवाचा मान त्याला दिला गेला. जुन्या इंजिनवाल्यांची ही रीत आहे. दुरुस्त केलेल्या इंजिनाचा पहिला जाळ विकतच्या लाकडाचा करायचा नाही. दुरुस्तीत जे भंगार निघालं त्याचाच करायचा, म्हणजे जुन्याची ऊब नव्याला मिळते. शुक्रवारी सकाळी आर्विडने ताडपत्री ओढली. कुजक्या फळ्या, खिडकीच्या चौकटी, आणि खाली ती पेटी. सात वर्षांत तिला ढिम्म काही झालं नव्हतं.

त्याने कुऱ्हाड घातली तेव्हा लाकूड दोन घावांत मोकळं झालं नाही. सांधे वेडेवाकडे होते पण घट्ट होते. कारागीर म्हणून त्याला क्षणभर वाईट वाटलं. पांढऱ्या रंगाखालचं मेपल मधासारखं, एकही गाठ नसलेलं. पुढची कुरतडलेली पट्टी हातात घेतली तर अंगठा आपसूक त्या वणांवर बसला. पण त्या दिवसांत त्याला या इंजिनाचं कुठलंच खोटं सामान डोळ्यांसमोर नको होतं. त्याने पट्टी गुडघ्यावर मोडली आणि भट्टीत सारली. मेपल सुरेख पेटलं. डेल्बर्ट वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होता. दुपारी काटा हलला आणि बाहत्तर वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा नाचला. आर्विड खाली उभा राहून हात पुसत होता.

शनिवारी सगळं गाव लोटलं. सॉसेज भाजले जात होते, शाळेचा बँड वाजत होता. भाच्याच्या गाडीतून सिग्ने उतरली. शहात्तर वर्षांची, हातात काठी, अंगात निळा कोट. सात वर्षांनी बहीणभाऊ समोरासमोर आले.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू नाही वाळलीस."

"टोमणे मारू नकोस. मला ते इंजिन दाखव."

त्याने तिला ड्रायव्हरच्या बाजूला नेलं. तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून ती खालूनच आत बघू लागली. बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पेटी कुठाय?"

"ही काय."

"ही नव्हे रे. पप्पांची. पांढरी."

आर्विडला काही कळेना. "सिग्ने, हे पप्पांचं इंजिनच नाही. हे तीन नंबर आहे. नुसती पाटी सातची."

"मला सांगतोस? ती पाटी पप्पांनीच चढवली. पस्तीसच्या हिवाळ्यात सातचा बॉयलर गेला, कंपनीने त्यांना तीन दिलं. तर म्हणाले, मी सातचा माणूस, तीनवर कसा बसू? पाटी काढली, इकडे ठोकली. शिट्टी आणली. पेटी आणली. ड्रायव्हर जिकडे जाईल तिकडे त्याची पेटी जायची. मुकादम शिव्या देत होता आणि पप्पा हसत होते. शेवटपर्यंत याच इंजिनावर होते ते." ती थांबली. "आईला कुणी काही विचारायचं नाही, मलाही कुणी काही विचारायचं नाही. तुला काय ठाऊक असणार."

वर डेल्बर्टने शिट्टी वाजवली. पोरांनी कानावर हात ठेवले. आर्विडचा हात आधारासाठी इंजिनाच्या पायरीवर गेला.

"पेटी कशाची होती?" त्याने विचारलं. विचारताना त्याला उत्तर माहीत होतं.

"तुझ्या पाळण्याची. तू त्यातून बाहेर पडायला लागलास, आणि पप्पांनी तो तोडला. आईने आठ दिवस अबोला धरला. पुन्हा बाळ झालं तर काय करू म्हणून. तुझी दातांनी कुरतडलेली पट्टी त्यांनी मुद्दाम पुढच्या बाजूला लावली, हात टेकतो तिथं. म्हणाले, पोरगा दिवसभर माझ्याबरोबर डोंगरात राहील." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "सुतारकाम काही येत नव्हतं त्यांना. कोपरे बघून आम्ही हसायचो."

आर्विडने आयुष्यात शेकड्यांनी पाळणे पाहिले होते. बाळाचे दात आणि उंदराचे दात यांतला फरक तो अंधारात, बोटांनी सांगू शकत होता. पण इंजिनात बाळ कुठून येणार, म्हणून त्याने तिथं उंदीर पाहिला होता. सगळी हुशारी नेमकी याच ठिकाणी कामाला आली नाही. आणि चोवीस तासांपूर्वी त्याने ती पट्टी आपल्या गुडघ्यावर मोडली होती.

"आहे ना रे पेटी?" सिग्ने म्हणाली. "टाकली तर नाहीस?"

चाळीस वर्षांत लाकडाच्या बाबतीत आर्विड सँडेल एकदाही खोटं बोलला नव्हता.

"घरी आहे," तो म्हणाला. "जपून ठेवलीय. या लोकांना नकाशाप्रमाणे हवी होती."

"मला एकदा हात लावायचाय तिला. पुढच्या वेळी येशील तेव्हा आण."

"आणतो."

मग सगळ्यांनी हाका मारल्या म्हणून तो वर चढला आणि आपण केलेल्या ओकच्या पेटीवर बसला. इंजिन निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेल्मा हॅचनेही वाजवल्या. पुढच्या कडेवर त्याचा हात होता आणि कड गुळगुळीत होती. जुन्या रुळांवर मैलभर जाऊन इंजिन परत आलं तेव्हा डेल्बर्टने विचारलं, "काय रे, धूर गेला का डोळ्यांत?" तो "हो" म्हणाला.

रविवारी भट्टी थंड झाल्यावर त्याने राख चाळली. दोन बिजागऱ्या आणि नऊ स्क्रू मिळाले. डेल्बर्ट बघत होता. त्याने काय शोधतोयस ते विचारलं, आर्विडने सांगितलं. डेल्बर्टने सात वर्षांपूर्वीच्या सँडविचची आठवण काढली नाही. तो खाली बसला आणि चाळणी धरू लागला.

पुढचे दोन महिने आर्विड जुन्या बाजारांतून हिंडला. दोन जिल्हे पलीकडे एका गोठ्यात त्याला तीस सालच्या आसपासचा मेपलचा पाळणा मिळाला. त्याने तो तोडला. सांधे मुद्दाम वाकडे कापले. चाळीस वर्षांचा सराव असलेला हात वाकडा जाईना, म्हणून डाव्या हाताने कापले. पांढरा रंग दिला, खरवडला, चहाचं पाणी, काजळी, इंजिनाचं जुनं तेल. बनवेगिरीच्या साऱ्या खोड्या त्याला पाठ होत्या, कारण त्या पकडण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पाळण्यावर दुसऱ्या कुणा बाळाचे दात होते, ते त्याने घासून काढले. नवे वण करायला बसला तेव्हा आधी तासभर त्याचा हात चालेना. शेवटी त्याने ते खिळ्याने केले, चार दातांचे. बिजागऱ्या तेवढ्या खऱ्या होत्या.

ऑक्टोबरात पेटी गाडीत घालून तो टकोमाला गेला. सिग्नेच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक फिकट गोल डाग होता, घड्याळ होतं तिथं. तो डागाकडे पाठ करून बसला. पेटी तिने समोरच्या गालिच्यावर ठेवून घेतली. चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून हातानेच बघू लागली. झाकण, कोपरे, बिजागऱ्या. मग पुढची कड. त्या वणांवरून तिचं बोट एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. आर्विड तिच्या तोंडाकडे बघत होता. कपाटाच्या पाठीवरून शंभर वर्षं वाचणाऱ्या माणसाला त्या तोंडावरचं काहीही वाचता येत नव्हतं.

"मला वाटलं, दोनच दात होते तेव्हा तुला," ती म्हणाली.

आर्विडने गालिच्याची दुमडलेली कड पायाने सरळ केली.

"म्हातारी झाले मी. चार असतील."

"हीच ती," आर्विड म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"तू म्हणतोस तर हीच." सिग्नेने झाकण हळूच लावलं. "घड्याळाच्या वेळी नाही का ऐकलं तुझं?"

ती कॉफी ठेवायला आत गेली. जाताना काठी तिने पेटीवर आडवी ठेवली होती, कुठल्याही स्टुलावर ठेवावी तशी.